तालमीतून ग्रामपंचायतीत: अर्ज बाद होऊ नये म्हणून

जपानच्या रिओको तानी यांनी ज्युदोत 48 किलो गटात 2000 आणि 2004 चं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, 2010 मध्ये त्या वरिष्ठ सभागृहाच्या खासदार झाल्या. पहिलं सुवर्ण माहेरच्या तामुरा आडनावानं, दुसरं सासरच्या.

मराठवाड्यातल्या पैलवान पोरींचा ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज मात्र अशा दोन नावांवरच अडतो. कुस्तीची प्रमाणपत्रं आणि जातीचा दाखला माहेरच्या नावानं, मतदार यादीत सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत जोडा. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचा अर्ज निवडणूक लागायच्या आधीच टाका, ऐनवेळी फार धावपळ होते. वय 21 पूर्ण हवं, नाव त्याच गावच्या यादीत हवं. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती जपून ठेवा. मागणीचं बिल आल्यावर 3 महिन्यांत कर भरला नाही तर अपात्रता येते. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका, लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून जत्रेच्या फडात कमावलेली ओळख इथे खरंच कामी येते.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्या, हरलात तरी. नाही दिला तर 5 वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात.