एका मुलाची सीईटी शिकवणी कशी घ्यावी

एमएचटी-सीईटीसाठी, म्हणजे बारावीनंतर अभियांत्रिकी, फार्मसी, कृषीला जाण्यासाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठी, एकट्या मुलाची शिकवणी घेणारे बरेच जण वर्गच घरी आणतात. सर बोलतात, मूल मान हलवतं. त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, यूट्यूबवर ते फुकट मिळतं. समोर एकच मूल असतं तेव्हा एक गोष्ट करता येते, जी साठ जणांच्या वर्गात कधीच जमत नाही: ते गणित सोडवत असताना त्याचा हात नेमका कुठे अडखळतो ते बघणं. म्हणून बैठकीचा निम्मा वेळ तरी शिकवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं.

आधी विचारा, जायचं कुठे आहे. अभियांत्रिकीला पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित हा गट लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषी करायचं असेल किंवा फार्मसीला जायचं असेल तर पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), दोन्हींपैकी कोणताही गट चालतो. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाला शेजारच्याने भरला म्हणून पीसीएमचा फॉर्म भरायला लावू नका. वैद्यकीयसाठी ‘नीट’ ही परीक्षाच वेगळी, तिची तयारीही वेगळी.

पेपरचा हिशोब मुलाला पहिल्याच दिवशी कागदावर मांडून द्या. पीसीएममध्ये भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी 50 प्रश्न मिळून 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मग गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, एकाला 108 सेकंद आणि गुण दोन-दोन. एकूण 200 गुण. पीसीबीत गणिताच्या जागी जीवशास्त्राचे 100 प्रश्न येतात. पहिली 90 मिनिटं संपली की गणिताचा भाग उघडतो आणि मागे जाता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन मिनिटं राहिलेल्या प्रश्नांवर पर्याय टिपायला राखून ठेवायची सवय पहिल्या सरावापासूनच लावा.

अकरावीचं काय करायचं, हा प्रश्न पालक सहसा विचारतच नाहीत. बोर्डाला अकरावी नाही म्हणून कॉलेजात तिच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि सीईटीत मात्र सुमारे 20 टक्के प्रश्न तिथूनच येतात. म्हणजे पीसीएमला 200 पैकी 40 गुण. सगळं पुस्तक नाही, ठरावीक प्रकरणं असतात: भौतिकात गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, प्रकाशविज्ञान, रसायनात अणूची रचना, रासायनिक बंध, गणितात सरळ रेषा, वर्तुळ, क्रमपर्याय-संयोग, संभाव्यता. त्या वर्षीची यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. ही प्रकरणं जून ते गणपतीपर्यंत, बारावीचा बोजा वाढायच्या आत, उरकून घेतलेली बरी. दिवाळीनंतर कोणी अकरावीच्या पुस्तकाला हात लावत नाही.

आठवड्याला 90 मिनिटांच्या तीन बैठका पुरतात. 90 मिनिटंच का, तर पेपरचा एक भाग तेवढाच असतो आणि एका जागी बसायची सवय होते. पहिली दहा मिनिटं मागच्या वेळी चुकलेली गणितं मुलाने पुन्हा सोडवायची, वही न बघता. पुढची तीस मिनिटं नवा भाग. मग पंचवीस मिनिटं घड्याळ लावून संच: भौतिक-रसायनचे 25 प्रश्न किंवा गणिताचे 12, यांना साधारण 22 मिनिटं लागायला हवीत. उरलेली पंचवीस मिनिटं फक्त रफ कागदावर. ही पंचवीस मिनिटं नवं शिकवायच्या नादात खाऊ नका. शिकवणीची खरी किंमत तिथेच वसूल होते.

रफ कागद फेकू द्यायचा नाही, खाडाखोडही रबराने पुसू द्यायची नाही. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: ‘क’ म्हणजे कल्पनाच ठाऊक नव्हती, ‘व’ म्हणजे प्रश्न चुकीचा वाचला, ‘आ’ म्हणजे आकडेमोड, ‘वे’ म्हणजे वेळ खाल्ला. महिनाभराने मोजलं की उपाय कळतो. ‘क’ जास्त असतील तरच प्रकरण पुन्हा शिकवायचं. ‘आ’ आणि ‘वे’ जास्त असलेल्या मुलाला पुन्हा शिकवणं म्हणजे पोट दुखतंय आणि डोक्याला बाम.

‘वे’ कसा दिसतो ते बघा. शून्य ते पाय (π) भागिले दोन या मर्यादांमधलं संकलन. अंशात साइन एक्स, छेदात साइन एक्स अधिक कॉस एक्स. मूल बदलपद्धत लावून अर्धं पान भरतं, पाच मिनिटांनी बरोबर उत्तर काढतं आणि खूश होतं. बोर्डात ते ठीक. इथे एक्सच्या जागी पाय भागिले दोन वजा एक्स घालायचं. साइन-कॉसची अदलाबदल होते, दोन्ही संकलनांची बेरीज नुसती पाय भागिले दोन येते आणि उत्तर तिच्या निम्मं, पाय भागिले चार. वीस-पंचवीस सेकंदांचं काम. रफ कागद बघितला नसता तर या प्रश्नावर बरोबरची खूण करून तुम्ही पुढे गेला असता.

रसायनातलं एक. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) दहा मिनिटं, 99.9 टक्के अभिक्रिया व्हायला किती वेळ? मूल लगेच लॉगचं सूत्र मांडतं. एक हजारांश उरायचा आहे, आणि दहा वेळा निम्मं केलं की 1024 वा भाग उरतो. म्हणजे दहा अर्धायुकाल, शंभर मिनिटं. सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून असे अंदाज हातात बसले पाहिजेत: पायचा वर्ग जवळजवळ 10, दहाचं वर्गमूळ 3.16, लॉग 2 म्हणजे 0.301, लॉग 3 म्हणजे 0.477. आधी पर्याय बघायचे. ते एकमेकांपासून दूर असतील तर दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत जाणं हा वेडेपणा.

‘व’ची गोष्ट आपल्याकडे कोकणात जरा वेगळी असते. वाडीवरच्या मराठी शाळेतून दहावी झालेलं मूल अकरावीत एकदम इंग्रजीत येतं आणि पुष्कळदा भौतिक येत असूनही इंग्रजीत अडतं. ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘निग्लिजिबल’, ‘इनिशियली ॲट रेस्ट’, ‘इनकरेक्ट’ असे पन्नास-साठ शब्द वेगळ्या पानावर लिहून पाठ करून घ्या. ‘रेशो ऑफ ए टू बी’ वाचून बी भागिले ए करणारी मुलं कमी नाहीत. प्रश्न मोठ्याने वाचायला लावा, नेमकं काय विचारलंय ते मराठीत सांगायला लावा, मगच पेन. फॉर्म भरताना भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा पेपर मराठीत घेता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. कॉलेज इंग्रजीत केलं असेल तर मराठी पेपर घेऊ नये. ‘विवर्तन’ की ‘अपवर्तन’ यातच 54 सेकंद जातात.

सराव छापील पुस्तकावर आणि परीक्षा स्क्रीनवर, यानेही गुण जातात. स्क्रीनवरून कागदावर उतरवताना वजा चिन्ह गळतं, घात खाली येतो. डिसेंबरपासून आठवड्याला एक संच तरी लॅपटॉपवर किंवा उभ्या ठेवलेल्या मोबाइलवर घ्या, कागद खाली टेबलावर. पेपर आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा. रेंज आणि लाइट यांच्या भरवशावर ऑनलाइन टेस्ट ठेवली की ती हमखास अर्ध्यावर तुटते.

जानेवारीपासून बोर्ड संपेपर्यंत सीईटीचं नवं काही नको, फक्त आठवड्याला एक छोटा संच. अभियांत्रिकीला बारावीच्या ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40, तेव्हा बोर्ड वाऱ्यावर सोडून चालत नाही. बोर्ड झालं की आठवड्याला दोन पूर्ण पेपर, सलग तीन तास. दुसऱ्या दिवशी नवा पेपर नाही, कालच्याची चिरफाड. रोज एक पेपर देणाऱ्या मुलांच्या चुका तशाच राहतात, फक्त त्या जास्त वेगाने होतात.

प्रत्यक्ष पेपरच्या पहिल्या भागात रसायन आधी घ्या, 35 ते 40 मिनिटांत संपवा आणि उरलेला वेळ भौतिकला द्या. गणितात दोन फेऱ्या: पहिलीत दीड मिनिटाच्या आत सुटणारे, दुसरीत बाकीचे.

एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा हंगाम. बाग असलेल्या घरात पहाटेपासून काढणी आणि पेट्या भरणं चालतं, मुलाला सगळ्यातून सूट मिळेल असं धरून वेळापत्रक आखू नका. शिमग्याला सगळे घरी असतात तेव्हाच आईवडिलांशी बोलून रोजचे ठरावीक चार तास मागून घ्या. आणि त्यांना पर्सेंटाइल समजावून सांगा: 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत, तर त्या सत्रातल्या शंभरातले सुमारे नव्वद जण तुमच्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे. नाहीतर सरावात 200 पैकी 110 पडले की घरात सुतक.

केंद्र दूर आलं आणि सकाळचं सत्र असलं तर पहिल्या एसटीवर विसंबू नका, आदल्या संध्याकाळीच त्या गावी नातेवाइकांकडे जाऊन राहा. हॉल तिकीट आणि मूळ फोटो ओळखपत्र एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओळखपत्राची नुसती झेरॉक्स चालत नाही.