पांढरा धूर दिसला की लगेच हेड खोलू नका

आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड करून मी बीडच्या एका गॅरेजात लागलो, त्याला आता बारा वर्षं झाली. नवीन पोरं मला सगळ्यात जास्त पांढऱ्या धुराबद्दल विचारतात. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवायचं बिल मोठं असतं, आणि उतरवून काही सापडलं नाही तर गिऱ्हाईक कायमचं तुटतं. म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या दोन पिकअप सांगतो.

पहिली डिसेंबरातली, गेवराईकडून मोसंबी आणणारी. सकाळी स्टार्ट केली की पाच-सात मिनिटं पांढराफेक धूर, मिसिंग (इंजिन अडखळत चालणं), आणि मग एकदम साफ. मी पाना घेऊन तयारच होतो. "उस्ताद, हेड गॅस्केट गेलंय." हेड आणि ब्लॉकमधलं हे पातळ पॅकिंग गेलं की पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफ होतं. उस्तादांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा अर्धा मिनिट सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि माझ्या हातात दिला. "वाळू दे. मग बोल."

नुसती वाफ असती तर पुठ्ठा कोरा वाळला असता. याच्यावर तेलकट डाग राहिला. वास कच्च्या डिझेलचा, डोळे चुरचुरतील असा. म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पडत होतं, पण थंड इंजिनात पेटत नव्हतं. त्याचंच धुकं बाहेर येत होतं. थंड सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगना मल्टिमीटर लावला. चांगला प्लग साधारण एखादा ओम दाखवतो, एक प्लग मात्र पूर्ण ओपन, म्हणजे आतून तुटलेला निघाला. त्याच सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोजल डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे बेंचवर लावलं तर टोकाशी थेंब धरत होतं. प्लग बदलला, नोजल दुरुस्त करून बसवलं, धूर गेला. हेडला हात लावायची वेळच आली नाही.

तेव्हापासून मी आधी तीन गोष्टी विचारतो: धूर फक्त सकाळी की दिवसभर, रेडिएटरचं पाणी कमी होतं का, आणि आधी कुणी काय खोललंय. थंडीत सकाळी निघणारी पातळ वाफ दोन-चार मिनिटांत विरली तर ती दुरुस्त करायची गोष्टच नाही. आडबाजूच्या पंपावर टाकी भरली असेल तर आधी डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडून बघा. धुरात निळसर झाक असेल तर ऑइल जळतंय, तिथे टर्बो आणि पिस्टनच्या रिंगा तपासायच्या.

दुसरी गाडी एप्रिलातली. कांदा भरून सोलापूरला निघालेली, मांजरसुंब्याचा घाट चढताना काटा लालवर गेला. दुसऱ्या एका गॅरेजात दोन महिन्यांपूर्वीच गॅस्केट बदललेलं. ड्रायव्हर म्हणाला, "रोज अर्धा लिटर पाणी पिऊ लागलीय, खाली मात्र एक थेंब नाही." भर दुपारी, तापलेल्या इंजिनावरही धूर पांढराच. पुस्तकात असतं की कूलंट जळालं की गोडसर वास येतो. आपल्याकडे त्या वासाच्या भरवशावर राहू नका, कारण निम्म्या गाड्यांत बोअरचं पाणी असतं आणि त्याला कसलाच वास येत नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं (गरम असताना कधीच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं), पाणी काठोकाठ भरलं आणि स्टार्ट मारला. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, ती सोडून द्या. इथे बुडबुडे थांबेचनात, आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) मिनिटभरात दगडासारखा घट्ट झाला. सिलिंडरचा दाब पाण्यात जात होता. तरीही नव्या गाड्यांत एवढ्यावर हेड काढू नका. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) आतून फुटला तरी पाणी जळतं, म्हणून तो काढून हवा भरून पाण्यात बुडवला. तो चांगला निघाला, तेव्हा हेडकडे वळलो.

हेड उचललं तर चारपैकी तिसरा पिस्टन धुतल्यासारखा चकचकीत, बाकीचे काळेकुट्ट. वाफेने कार्बन धुऊन काढला होता. शेजारी गॅस्केटवर तपकिरी ओघळ. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला, मधोमध ०.१५ मिमीचं पातं आरामात गेलं. हेड वाकलेलं होतं. मागच्या वेळी फेस मारलाच नव्हता, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट केलाच नव्हता.

पण हेड वाकलं कशाने? रेडिएटरच्या नळ्या टॉर्च लावून पाहिल्या, तर तोंडाशी पांढरा खार, चुन्यासारखा, नखाने निघेना. दोन उन्हाळे बोअरचं पाणी ओतलेलं. त्या खाराने नळ्या तुंबल्या, इंजिन तापत राहिलं आणि हेड वाकलं. नुसतं गॅस्केट टाकून पाठवली असती तर घाटात पुन्हा तेच.

हेडला फेस मारला, क्रॅकसाठी दाबावर तपासलं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्या जाडीचं गॅस्केट आणलं. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी केली. तळाशी पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट नवे, मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्यावर आणि शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांइतके फिरवून आवळले. इथे अंदाजाचा हात चालवू नका. रेडिएटर नवा, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून.

अशी गाडी टो करून आली असेल तर एक काळजी घ्या: सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. हीटर प्लग काढून आधी इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि कॉमन रेलच्या (नोजलना फार मोठ्या दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) चालू लाइनवर गळती बोटाने चाचपू नका, तिथला दाब डिझेल कातडीच्या आत घुसवतो.

पंधरा दिवसांनी तो ड्रायव्हर कांदा उतरवून परत जाताना थांबला. मी बॉनेट उघडलं. हिरवं कूलंट खुणेला जिथल्या तिथे होतं. बोअरच्या पाण्याचा कॅन सीटमागे अजून होता. तो आता हातपाय धुवायला ठेवलाय म्हणाला.