लहर आत असतानाच बदलणारं मिश्रद्रव्य: टेबलावरची 24 टप्प्यांची शिडी

फायबरग्लासच्या पत्र्यात काच कुठे आणि राळ कुठे हे कायमचं ठरलेलं असतं. गुणधर्म फक्त जागेनुसार बदलतात. लहर आतून जात असतानाच ते बदलले तर? कॉन्स्टंटिन ल्युरी यांनी अशा द्रव्यांचं गणित मांडलं आणि त्यांना 'डायनॅमिक मटेरियल्स' म्हटलं. बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकल किंवा फिजिक्सचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांना हे कॉइल-कॅपॅसिटरच्या शिडीवर स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

प्रत्येक टप्प्यात 100 मायक्रोहेन्रीची एक कॉइल आणि जमिनीकडे (ग्राउंडला) 10 नॅनोफॅरडचा एक कॅपॅसिटर. असे 24 टप्पे. लहरीला एका टप्प्याला 1 मायक्रोसेकंद लागतो, शिडीचा इंपीडन्स (लहरीच्या व्होल्टेज आणि प्रवाहाचं गुणोत्तर) 100 ओहम. आता प्रत्येक टप्प्यावर आणखी एक 10 नॅनोफॅरड, 2एन7000 मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) जमिनीला जोडा. मॉसफेट चालू झाला की कॅपॅसिटन्स दुप्पट, वेग 0.71 पट, इंपीडन्स 70.7 ओहम. या दुसऱ्या कॅपॅसिटरला समांतर 100 किलोओहम लावायला विसरू नका. नाहीतर त्यात साठलेला चार्ज पुढच्या फेरीपर्यंत टिकतो आणि मोजमाप बिघडतं.

कॅपॅसिटर एनपीओ (तापमानाने न बदलणाऱ्या सिरॅमिक जातीचे) किंवा पॉलीप्रॉपिलीनचेच घ्या. दुकानात नुसतं '103' (10 नॅनोफॅरडचा छापील आकडा) मागितलं तर वाय5व्ही जातीची डिस्क हातात पडू शकते, आणि बडोद्यातल्या मे महिन्याच्या दुपारी तिचा कॅपॅसिटन्स चांगलाच घसरतो. सकाळी जुळवलेली शिडी दुपारी वेगळी निघते. एलसीआर मीटरवर मोजून 2 टक्क्यांच्या आतले निवडा. कॉइलचा रोध अर्ध्या ओहमपेक्षा कमी हवा. उघड्या कॉइल शेजारी-शेजारी समांतर बसवल्या तर त्या एकमेकींशी बोलतात, म्हणून एक आडवी, एक उभी अशा लावा.

जनरेटरच्या 50 ओहमला 47 ओहम जोडा, शेवटी 100 ओहम. पल्स धन, गोलसर, 10 मायक्रोसेकंद रुंद, शिडीवर 2 व्होल्ट. चौकोनी पल्स देऊ नका. शिडीची मर्यादा सुमारे 318 किलोहर्ट्झ आहे, तीक्ष्ण कडांमागे नुसती झणझण दिसते. ऋण पल्सही नको, मॉसफेटमधला डायोड 0.6 व्होल्टच्या आसपास उघडतो.

आधी जागेची सीमा तपासा, म्हणजे एका ठिकाणापासून पुढे गुणधर्म वेगळे. शेवटचे 12 मॉसफेट कायम चालू ठेवा आणि टोकाच्या 100 ओहमला 240 ओहम समांतर लावा, म्हणजे तिथे 70.6 ओहम होतात. पुढे सुमारे 1.66 व्होल्ट जातो, मागे उणे 0.34 येतो, आणि रुंदी 10 मायक्रोसेकंदच राहते.

मग काळाची सीमा, म्हणजे एका क्षणी सगळीकडे गुणधर्म बदलणं. सगळे बंद ठेवून पल्स सोडा, 17 व्या मायक्रोसेकंदाला चोवीसही एकदम चालू करा. व्होल्टेज क्षणात अर्धं होतं, कारण तोच चार्ज दोन कॅपॅसिटरांत वाटला जातो. कॉइलमधला प्रवाह मात्र तसाच असतो. त्यातून पुढे 1.2 व्होल्टचा आणि मागे उणे 0.2 व्होल्टचा असे दोन पल्स निघतात. कॉइलच्या रोधामुळे काही टक्के कमी मिळेल. टोकाला रुंदी 14 मायक्रोसेकंद दिसायला हवी. ती 10 च राहिली, तर समजा मॉसफेट उशिरा किंवा मागे-पुढे चालू झाले. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली असाच काळातला परावर्तन-प्रयोग ट्रान्समिशन लाइनवर झाला, तेव्हाही खरी कसरत सगळे स्विच एकाच क्षणी दाबण्याचीच होती.

मॉसफेट चालू करायला आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड वापरला, तर त्यावर पिन चालू-बंद करणारी नेहमीची 'डिजिटलराइट' आज्ञा इथे चालत नाही. एकेका पिनला काही मायक्रोसेकंद जातात. सहा-सहा मॉसफेटचे चार गट करून चारही पिना एकाच पोर्टवर (एकत्र बदलता येणाऱ्या पिनांच्या गटात) घ्या, थेट पोर्ट रजिस्टरमध्ये लिहा, तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवा. प्रत्येक गटाच्या गेटवाटेत 100 ओहम.

चार गट क्रमाने चालू केले की सीमा चालायला लागते. गटांत 12 मायक्रोसेकंदांचं अंतर ठेवलं तर ती दोन्ही लहरवेगांपेक्षा मंद, 3 ठेवलं तर दोन्हींपेक्षा जलद. दोन्हीकडे गणित आणि मोजमाप जुळवता येतं. 7 मायक्रोसेकंद टाळा: सीमेचा वेग मायक्रोसेकंदाला 0.86 टप्पे, म्हणजे 0.71 आणि 1 यांच्या मधोमध पडतो आणि त्या पट्ट्यात साध्या समीकरणांना एकच उत्तर उरत नाही.

या शिडीतून ऊर्जा वाढण्याची अपेक्षा धरू नका. कॅपॅसिटरमधली निम्मी ऊर्जा मॉसफेटच्या 5 ओहममध्ये तापून जाते. वाढ हवी असेल तर मॉसफेटऐवजी व्हॅरॅक्टर डायोड (व्होल्टेजने कॅपॅसिटन्स बदलणारा डायोड) लावून त्याला दिलेल्या बायसच्या (नियंत्रक व्होल्टेजच्या) बाजूने काम करून घ्यावं लागेल.