फॅटी लिव्हर: नुसता ग्रेड बघून गप्प बसू नका

सोनोग्राफी होते पित्ताच्या खड्यांसाठी आणि रिपोर्टच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ अशी ओळ निघते. मग चार दिवस पोहे-जलेबी बंद, सराफ्यातलं रात्रीचं खाणं बंद, आणि रिपोर्ट कपाटात! इंदूरच्या घरोघरी हेच चालतं. पण ग्रेड सांगतो तो चरबीचा अंदाज. लिव्हरवर व्रण पडून ते कडक होतंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि खरा धोका तोच.

लिव्हरच्या रक्ततपासणीतला ‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत होणं ही याहून मोठी चूक. त्यापेक्षा फिब-४ काढा, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी (त्याच तपासणीतला दुसरा आकडा). त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागा. वय ५४, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट दीड लाख असतील, तर २१६० भागिले ९०० (१५० गुणिले ६) म्हणजे २.४. एकही आकडा डोळ्यात भरणारा नाही, तरी उत्तर १.३ या मर्यादेच्या वर. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही. आकडा वर आला तर फिजिशियनला दाखवून फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करा, त्याआधी तीन तास उपाशी राहा. त्यात ८ किलोपास्कल किंवा जास्त आलं, तर लिव्हरतज्ज्ञ गाठा. डायबिटीस असेल तर ग्रेड कुठलाही असो, फिब-४ कराच. कमी आला तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा.

दुखत नाही म्हणून थांबू नका, लिव्हर बहुधा दुखतच नाही. डोळे पिवळे होणं, पोट फुगत जाणं, पायांवर सूज आली तर लगेच दाखवा. रक्ताची उलटी, काळी चिकट शौच, बोलण्यात घोळ, किंवा पोटात पाणी असताना ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. चालू असतील तर तसं सांगा, पण घरी बसून ठरवू नका.

गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच आहेत. ‘लिव्हर साफ’ करणारं काहीही घेत असाल तर ती बाटली डॉक्टरांपुढे ठेवा. दारू किती, तेही खरं सांगा. जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट न्या: प्लेटलेट उतरल्या की फिब-४ चढतो, आणि त्या वर्षागणिक उतरत असतील, तर ते एका रिपोर्टात दिसत नाही.