टर्बो उतरवण्याआधी बूस्टचा बिघाड कसा शोधायचा

गाडी चढाला ओढत नाही, इंजिनचा दिवा लागतो, पण चावी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते. ही तक्रार ऐकली की लगेच निदान होतं, "टर्बो गेला." टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, आणि त्या हवेच्या दाबाला म्हणतात बूस्ट. मी टर्बोला शेवटी हात लावतो. धडधाकट टर्बो बदलला जातो आणि पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो, हे पाहिलं की जीव तुटतो.

आधी स्कॅनर लावा. पी०२९९ म्हणजे मागितलं त्यापेक्षा बूस्ट कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. कोड एवढंच सांगतो; कारण आपणच शोधायचं.

इंजिन बंद, चावी चालू ठेवून मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा. समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, उंचावर त्याहून कमी. इथेच आकडा भलता असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासा, पुढचं सगळं नंतर.

मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने रस्त्यावरची नजर हलवायची नाही. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि सोलेनॉइडची (बूस्टवर ताबा ठेवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) ड्युटी, म्हणजे तो किती टक्के वेळ चालू आहे, तिन्ही एकत्र रेकॉर्ड करा. ड्युटी टोकाला जाऊन अडकली आणि तरी बूस्ट खालीच, तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मागतोय पण हवा किंवा व्हॅक्यूम कुठेतरी वाया जातोय, नाहीतर टर्बोचं नियंत्रण अडकलंय. बूस्ट मागणीच्या वर उसळत असेल तर व्हेन (टर्बोतली एक्झॉस्ट वळवणारी हलती पाती) अडकतात किंवा वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप) उघडत नाही.

आता पाईप. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाईपला वरून बघून काही कळत नाही, खालच्या बाजूने बोट फिरवा. आत तेलाचा पातळ थर असतोच. पण बाहेर एकाच जागी ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर चीर बहुधा तिथेच आहे. ती दाबाखालीच उघडते, म्हणून टर्बोच्या तोंडाशी घट्ट बूच बसवून रेग्युलेटरने अर्धा बारच हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुचाच्या समोर उभं राहू नका.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटी (हलत्या व्हेनचा टर्बो) डिझेलमध्ये माझा सगळ्यात आवडता तपास हातपंपाचा. आधी इंजिनच्या व्हॅक्यूम पंपाशी गेज लावा. आयडलिंगला समुद्रसपाटीजवळ साधारण ०.८ ते ०.९ बार व्हॅक्यूम दिसायला हवा. मग ॲक्च्युएटरची (रॉड ओढून व्हेन हलवणाऱ्या डबीची) नळी काढून तिथे हातपंप जोडा आणि हळूहळू ओढा. रॉड सलग सरकला पाहिजे आणि काटा जागेवर थांबला पाहिजे. काटा उतरू लागला तर आतला पडदा फाटलाय. रॉड थांबून थांबून झटक्याने सरकला तर व्हेनवर काजळी बसलीय किंवा लिव्हर गंजलाय. दोन्ही ठीक असतील तर संशय सोलेनॉइडवर आणि बारीक नळ्यांवर. कुणीतरी नळ्यांची अदलाबदल करून ठेवलेलीही सापडते.

दाबावर चालणारा वेस्टगेट असलेल्या पेट्रोल गाडीत उलटं घडतं: ॲक्च्युएटरची नळी फाटली की वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट वाढतो. रॉडचा नट पिळून बूस्ट जुळवू नका, कितीही मोह झाला तरी. त्याने मूळ दोष झाकतो आणि इंजिनवर ताण येतो.

एअर फिल्टर, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), तुंबलेला डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) हेही बघून घ्या. त्यानंतरच टर्बोचा शाफ्ट हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर चालतं. पुढेमागे खेळ जाणवला किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या तरच टर्बो उतरवा.

काम झालं की कोड पुसा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा रेकॉर्ड करा. मागितलेल्या आणि मिळालेल्या बूस्टच्या रेषा बरोबरीने चढल्या, तरच गाडी मालकाच्या ताब्यात द्या.