खानदेशातल्या जलाशयांवर पाणपक्षी कसे पाहावेत

समुद्रकाठच्या दलदलीत पक्षी पाहणारा माणूस घड्याळाच्या आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतो. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, अळ्या, शिंपले वेचण्यासाठी पक्षी दूरवर पांगतात. भरती चढली की तेच पक्षी उंचवट्यांवर दाटीवाटीने येऊन बसतात. खानदेशाला समुद्र नाही, परंतु तापी, गिरणा, पांझरा, अनेर या नद्यांवरच्या धरणांना आणि बॅरेजना एक ओहोटी असतेच. ती दिवसातून दोनदा नव्हे, तर वर्षातून एकदा येते; दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मेअखेरपर्यंत चालते. या संथ ओहोटीचा कोणता टप्पा चालू आहे हे ओळखून जो काठ निवडतो, त्याला पक्षी दिसतात. "सकाळी लवकर धरणावर जा" एवढ्याच सल्ल्यावर निघालेल्याला पुष्कळदा भरलेले पाणी आणि चार पाणकावळे पाहून परतावे लागते.

पातळी वाचावी, मग काठ निवडावा

प्रत्येक पक्ष्याच्या पायांची, मानेची आणि चोचीची लांबी ठरलेली असते, त्यामुळे त्याला मानवणारी पाण्याची खोलीही बहुतांशी ठरलेली असते. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग आणि आपले कायमचे रहिवासी हळदी-कुंकू बदक ही मंडळी बुडी मारत नाहीत. डोके आणि मान पाण्यात घालून, शेपूट वर करून ती खातात, म्हणून त्यांना वीतभर ते हातभर पाणी हवे असते. लालसरी आणि शेंडी बदक बुड्या मारून तळ गाठतात, त्यामुळे ती पुरुषभर पाण्यावरही निवांत असतात. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उथळ पाण्यात चालतो, टिलवा आणि चिखल्या पाण्याच्या कडेच्या ओल्या पट्ट्यावर पळत राहतात, आणि धोबी त्याहून वरच्या, वाळत आलेल्या गाळावर शेपूट हलवत फिरतो. काठावर उभे राहून पाण्याकडून जमिनीकडे नजर फिरवली, तर हे पक्षी जणू ओळींमध्ये मांडलेले दिसतात. ही मांडणी एकदा लक्षात आली की पक्षी ओळखण्याचे निम्मे काम पुस्तक उघडण्याआधीच होते.

पातळी कळण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे वर्तमानपत्र. धरणांमधील उपयुक्त साठ्याची टक्केवारी स्थानिक आवृत्त्यांमध्ये छापून येत असते, आणि रब्बीचे आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्यात सोडायची पाण्याची पाळी, कधी सुटणार याची बातमी तर हमखास येते. आवर्तन सुटले म्हणजे पाणी उतरणार आणि नवा गाळ उघडा पडणार. अशा ताज्या, अजून न तडकलेल्या गाळावर चिखलपक्ष्यांची गर्दी सर्वाधिक असते. मात्र टक्केवारी सगळे सांगत नाही, काठाचा उतारही पाहावा लागतो. शंभर फुटांना एक फूट असा सौम्य उतार असेल, तर पाणी एक फूट खाली गेल्यावर शंभर फूट रुंदीचा चिखलपट्टा मोकळा होतो. उभ्या, खडकाळ काठावर तेच पाणी तेवढेच उतरले तरी पक्ष्याला पाय टेकायलाही जागा मिळत नाही. म्हणून धरणाच्या भिंतीवर जाऊन उभे राहणे हा पक्षी पाहण्याचा सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी तिथे सर्वांत खोल असते. जायचे ते फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या, वरच्या टोकाकडे, जिथे ओढे-नाले येऊन मिळतात आणि त्यांनी आणलेला गाळ पसरलेला असतो.

भुसावळ तालुक्यातील तापीवरचे हतनूर धरण या दृष्टीने खानदेशातले उत्तम शिक्षणस्थळ आहे. तापी आणि पूर्णा यांचा चांगदेवजवळचा संगम त्याच्या फुगवट्यात येतो, दोन्ही नद्या अमाप गाळ आणतात, आणि त्या गाळामुळे धरणाच्या साठवण क्षमतेला जो फटका बसला आहे त्याबद्दल पाटबंधारे खात्याला आणि शेतकऱ्यांना चिंता वाटणे योग्यच आहे. पक्ष्यांच्या बाजूने पाहिले, तर त्याच गाळाने उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींचे विस्तीर्ण पट्टे तयार केले आहेत. पावसाळ्यात धरणाच्या ४१ दरवाजांमधून गढूळ पाणी पुढे सोडले जाते. शहाद्याकडच्या वाचकांना सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज जवळ पडतात, शिरपूरकरांना अनेर धरणाचे अभयारण्य, धुळ्याला नकाणे तलाव आणि जळगावला मेहरूण तलाव. नवशिक्याने मेहरूण किंवा नकाण्यासारख्या लहान तलावापासून सुरुवात करणे बरे, कारण तिथे पक्षी जवळून दिसतात आणि त्यांना माणसांची सवय असते.

महिन्यांचा हिशेब

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जलाशय तुडुंब असतात आणि काठची झाडे-झुडपे पाण्यात उभी असतात. या काळात मोठ्या पाण्यावर वारकरी (कूट) पक्षी, टिबुकली आणि पाणकावळे यांच्याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा गावतळी, पाझर तलाव आणि पाणी साचलेली शेते पाहावीत. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो; १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. सप्ताहातल्या सहलीला जाऊन "बदके कुठे आहेत?" असे विचारणाऱ्यांनी निराश होऊ नये, पाणी अजून उतरायचे असते.

डिसेंबर-जानेवारी हा बदकांचा आणि हंसांचा काळ. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेसाठी निघालेल्यांनी घोड्यांच्या बाजाराइतकाच वेळ तापीच्या पात्रालाही द्यावा. या दिवसांत चक्रवाक जोडीजोडीने वाळूच्या पट्ट्यांवर दिसतात; त्यांचा नारिंगी-तपकिरी रंग दुरूनही चुकत नाही. पट्टकादंब हा तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा राजहंस, पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून ओळखावा. तो दिवसा पाण्यात किंवा बेटावर विसावतो आणि संध्याकाळनंतर काठच्या हरभऱ्यात, गव्हात चरायला उतरतो, म्हणून त्याला पाहण्याची खरी वेळ झुंजुमुंजू उजाडताना, थवे शेतातून पाण्याकडे परततात ती असते. आशियाई पाणपक्षी गणनाही दरवर्षी जानेवारीतच होते. तीत सहभागी झाल्यास अनुभवी लोकांच्या शेजारी उभे राहून शिकता येते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये चिखलाचा पट्टा सर्वांत रुंद होतो आणि माझ्या मते खानदेशातले सर्वोत्तम पक्षिनिरीक्षण याच काळात होते. बदके परतीच्या तयारीत असतात, चिखलपक्षी लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवत दिवसभर खात असतात, आणि आटत्या डबक्यांत अडकलेल्या मासळीवर चित्रबलाक, चमचे, कुदळे आणि बगळे एकत्र जमतात. चमचा खाताना नीट पाहावा: चोच किंचित उघडी ठेवून तो ती पाण्यात डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात फिरवत चालतो, आणि चोचीच्या रुंद टोकाला काही लागले की ती मिटते. याच काळात पिवळट गवताच्या काठाशी बसलेला पाणलावाही शोधावा. तो पाठीवरच्या वाळक्या गवतासारख्या रेघांमुळे पायाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि उडतो तो वेडावाकडा, नागमोडी.

प्रत्यक्ष काठावर

दुर्बीण ८ गुणिले ४२ या मापाची घ्यावी. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी होते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरची प्रकाशशलाका डोळ्यात शिरते, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात हीच गोष्ट उपयोगी पडते. दहा किंवा बारा पटींची दुर्बीण घेण्याचा मोह होतो, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो. मोठ्या जलाशयावर तिपाईवर लावलेला स्पॉटिंग स्कोप असला तर उत्तम, तो मात्र चौघांनी मिळून घेतलेला परवडतो.

सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्व काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे आणि संध्याकाळी उलट. अन्यथा सगळी बदके काळ्या आकृत्या होऊन जातात. फेब्रुवारीनंतर खानदेशात दहाच्या सुमारासच चिखलावरून गरम हवेच्या लहरी उठू लागतात आणि कितीही चांगले भिंग असले तरी दूरचा पक्षी थरथरता दिसतो, म्हणून दूरचे पक्षी आधी तपासावेत आणि जवळचे नंतर. बहुतेक लोक याच्या उलट करतात.

पक्ष्यांकडे सरळ चालत जाऊ नये. तिरक्या रेषेत, थांबत थांबत जावे, आणि पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या की तिथेच बसावे. बसून राहिल्यास दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा खाऊ लागतात आणि अनेकदा स्वतःच जवळ सरकतात. थापट्यांचा थवा असा जवळ आला तर त्याच्याकडे वेळ काढून पाहावे. खळ्यावर पात धरलेल्या बैलांसारखी ही बदके एकामागोमाग एक गोल गोल फिरतात. त्यांच्या पायांनी ढवळून वर आलेले सूक्ष्म जीव मागचे बदक आपल्या पसरट चोचीने गाळून घेते. चोचीच्या कडेला बारीक दातऱ्यांची दाट रांग असते, पाणी बाजूने निघून जाते आणि खाद्य आत उरते. चांगल्या उजेडात चोचीच्या दोन्ही बाजूंनी निथळणारे पाणीही दिसते.

उडण्याच्या रीतीवरूनही बरेच कळते. उथळ पाण्यातली बदके धोका जाणवताच जागेवरून थेट वर उसळतात. लालसरी आणि वारकरी पाण्यावर पाय आपटत काही अंतर धावल्याशिवाय उठू शकत नाहीत. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे किंचित वर धरून पाणवेलींवरून कमी उंचीवर फिरू लागला की सगळा थवा एकदम हवेत जातो. तेव्हा दचकून कॅमेरा शोधण्याऐवजी पंख पाहावेत: थापट्याच्या पंखाचा फिकट निळा भाग आणि चक्रवाकाच्या पंखांवरचे मोठे पांढरे पट्टे त्याच वेळी उघड होतात. मोजणीसाठी आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरावी आणि तेवढ्या जागा पूर्ण थव्यावर मांडत जावे. नोंदीत तारीख-वेळेसोबत त्या दिवसाचा साठा आणि पाण्याची कडही लिहावी. कडेला एक खुंटी ठोकून ठेवली, तर पुढच्या खेपेस पाणी किती सरकले ते पावलांनी मोजता येते.

वाळलेल्या गाळावर पाय टाकण्यापूर्वी काठीने टोचून पाहावे. वरचा पापुद्रा तडकलेला आणि कठीण दिसतो, पण खाली काळा गाळ लोण्याइतका मऊ असू शकतो, आणि त्यात गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय एकट्याने काढणे जड जाते. बॅरेजच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरूच नये. काठावरच्या मासेमारांशी आणि गाळपेर करणाऱ्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर पीक घेणाऱ्या, शेतकऱ्यांशी मात्र अगत्याने बोलावे. "आप्पा, पाणी कुठवर उतरलं? बदकं कुठल्या अंगाला बसतात?" एवढे विचारले की कोणत्याही ॲपपेक्षा ताजी माहिती मिळते, फक्त त्यांची जाळी आणि टरबूज-काकडीचे वेल तुडवू नयेत.

खानदेशातला कोणी ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला निघालाच, तर त्याने तिथला हिशेब वेगळा आहे हे ध्यानात ठेवावे. ती खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि तिथे ओहोटीच्या वेळी रोहित चिखलावर पसरून खातात. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. तिकीट काढण्याआधी अधिकृत भरती-ओहोटी कोष्टक अवश्य पाहावे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ जवळचे आहे, आणि तिथे आपलाच गोड्या पाण्याचा हिशेब चालतो.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, निरीक्षकांची पावले थांबतात, आणि नेमके तेव्हाच उघड्या पडलेल्या बेटांवर व वाळूवर नदी सुरय, छोटा आर्ली आणि चिखल्या अंडी घालतात. त्यांचे घरटे म्हणजे वाळूत खरवडलेला उथळ खळगा; अंडी खड्यांच्या रंगाची, पायाखाली आली तरी न कळणारी. म्हणून या काळात बेटांवर जाऊ नये, काठावरूनच पाहावे. सुरय डोक्यावर येऊन किंचाळत झेपावू लागला किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळू लागला, तर घरटे जवळच आहे असे समजून आल्या पावली मागे फिरावे, कारण आईबाप दूर राहिले तर त्या उन्हात उघडी अंडी फार वेळ टिकत नाहीत. छायाचित्रासाठी घरट्याजवळ थांबणाऱ्याला हीच गोष्ट शांतपणे सांगावी. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला घरट्याची जागा दुरून दाखवली, तर तेवढा तुकडा सुमारे तीन आठवडे बिननांगरता ठेवण्याची विनंती करता येते. या पक्ष्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच काळात खळगा सोडून पाण्याच्या कडेकडे चालू लागतात आणि तुकडा पुन्हा शेतकऱ्याला मोकळा होतो.