छपराचं पाणी गटारात कशाला? अंगणातली पाऊसबाग अशी करा

जुलैत कोल्हापुरात दिवस उजाडतो तो एकाच प्रश्नानं: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती? ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून आधीच सांगतो, अंगणात बाग करून पंचगंगेचा पूर थांबत नाही. तो गगनबावडा, राधानगरीकडच्या डोंगरातल्या पावसाचा असतो. मी बोलतोय ते गल्लीतल्या पाण्याबद्दल. अर्धा तास सर कोसळली की रस्ता भरतो, गटारातला कचरा दारात येतो आणि सगळं मिळून जयंती नाल्याकडं धावतं. त्या पाण्यात आपल्या गच्चीचा वाटा किती, हे सहसा कुणी मोजत नाही.

मोजणं सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची साधारण ९३ चौरस मीटर भरते. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी पाईपातून रस्त्यावर जातं. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एकट्या गच्चीवरून नव्वद हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. आणि एप्रिलमध्ये आपणच टँकरवाल्याला फोन लावतो.

पाऊसबाग म्हणजे अंगणातला उथळ, सपाट तळाचा खळगा. गच्चीचं पाणी त्यात उतरतं आणि दिवसाभरात मुरतं, उरलेला वेळ ती नुसती बाग असते. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९९० च्या सुमारास नव्या वसाहतीत घरोघरी अशा बागा केल्या आणि तिथून ही कल्पना पसरली. आपल्याकडं बांधाच्या आतल्या अंगाला पाणी अडवून मुरवणारा शेतकरी हेच करत आला आहे.

पहिलं काम छत्रीचं. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. कुठला पाईप किती ओततोय, पाणी कुठं वळतंय, कुठं साचतंय ते बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे फोटो पुढं घरफाळ्यातल्या सवलतीच्या अर्जालाही लागतात. जागा ठरवताना घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब राहा. सेप्टिक टँक आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकीही तेवढीच लांब हवी. अंगणच दहा फुटांचं असेल तर हा नाद सोडा आणि पाईपाखाली झाकणाचं पिंप ठेवा.

मग खड्ड्याची परीक्षा. ही मी पहिल्या वर्षी गाळली आणि पस्तावलो. आमचा प्लॉट म्हणजे जुनं उसाचं रान, वरची माती चिकट काळी. मी हौसेनं फूटभर खणलं, झाडं लावली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खळगा भरला आणि चार दिवस भरलेलाच राहिला. बेडूक आले. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू कंपाउंडवरून म्हणाल्या, ‘काय ओ, डेंग्यू पाळायलायसा व्हय दारात?’ त्यांचं बरोबर होतं. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी एक-दोन दिवसांत मुरलंच पाहिजे.

म्हणून फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा. पाण्यानं भरा, जिरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून घड्याळ लावा. खरं माप दुसऱ्या भरण्याचं, कारण कोरडी माती पहिल्यांदा फसवते. तासाला अर्धा इंच किंवा जास्त उतरत असेल तर जागा पास. मुरुमाच्या जमिनीत हे सहज होतं. काळी माती मात्र फुगून स्वतःची भोकं बुजवते. तिथं मुरूम लागेपर्यंत, दोन-अडीच फूट, चर खाली न्यायचा. काढलेल्या काळ्या मातीतली थोडीच परत घालायची, बाकी भरड वाळू, मुरूम आणि कुजलेलं शेणखत. मी दुसऱ्या वर्षी हेच केलं. नदीकाठच्या, पूररेषेच्या आतल्या घरांनी खणू नये. ऐन पावसाळ्यात तिथं जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं, मुरणार कुठं?

आकार. एका पाईपाला गच्चीचा जेवढा भाग येतो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी बाग धरा. पाचशे चौरस फुटांना नव्वद चौरस फूट, खोली सहा इंच. एवढ्यात साडेबाराशे लिटर मावतं, म्हणजे २५ मिलिमीटरची एक सर पुरी पोटात जाते. त्याहून जास्त आलेलं पाणी बाहेर जाणारच, ते कुठून जायचं हे आपण ठरवायचं.

खणाई मे महिन्यात, एक-दोन वळीव पडून जमीन मऊ झाली की करावी. गवंड्याला बोलावलंत तर समोर उभं राहा. आमचा म्हणाला, ‘पाणी रस्त्यावर सोडून रिकामं व्हायचं, हे कशाला उकरायलायसा?’ आणि सवयीनं तळाला गटारासारखा उतार देऊन मोकळा झाला. तळ सपाट हवा, नाहीतर पाणी एका कोपऱ्यात गोळा होतं. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी धरून चारी कोपरे तपासा. निघालेल्या मातीचा बांध उताराच्या बाजूला घाला आणि त्यात एके ठिकाणी दोन इंच खोल, दगड बसवलेली सांड, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, ठेवा. सांडीचं तोंड गटाराकडं हवं, शेजाऱ्याच्या भिंतीकडं नको. पाईपाचं पाणी पडतं तिथं नदीतले गोटे पसरा, नाहीतर पहिल्या पावसातच घळ पडते.

झाडं. नर्सरीत गेलात की पिवळ्या फुलांचं वेडेलिया गळ्यात मारतील. फुकट दिलं तरी आणू नका, दोन वर्षांत सगळी बाग तेच होतं. आपल्याला हवीत ती चार महिने ओल आणि आठ महिने कोरड सोसणारी झाडं, आणि ती आपल्या ओढ्याकाठी, डोंगरउतारावर आहेतच.

तळाला वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, जमलं तर दोन-तीन मीटर, आणि काळ्या मातीत पाण्याला वाट करून देतात. माझ्या बागेत सगळ्यात जास्त काम त्यानंच केलं. दीड-दीड फुटावर ठोंब लावा. त्याच्या शेजारी पेव: पावसाळ्यात लालबुंद कणसातून पांढरी फुलं येतात, हिवाळ्यात झाड जमिनीत निजतं. मेलं समजून उपटू नका. मध्ये तेरड्याचं बी फेका. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण गौरीला बाजारात जावं लागत नाही. नागरमोथा चालतो, पण तो एकदा शिरला की घरजावई होतो.

उतारावर अडुळसा आणि निरगुडी. निरगुडी मूळची ओढ्याकाठची, पाय भिजले तरी कुरकुर करत नाही. वरच्या कोरड्या कडेला धायटी, कोरांटी, शतावरी, आणि कुंपणाला करवंद. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात रोपं स्वस्त मिळतात, तिथं आधी विचारा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात एकदा फिरून या, म्हणजे यातली झाडं मोठी झाल्यावर केवढी होतात ते डोळ्यांनी दिसेल.

पैशांची बाजू. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम असेल तर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय सक्तीची आहे. ती नीट ठेवली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. लहान घराला सक्ती नाही, तिथं सवलतीचं बघायचं. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी यांपैकी एक प्रकल्प असेल तर सामान्य करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट मिळते. आपल्याकडं बिल हातात पडलं की महापालिकेच्या घरफाळा विभागात जाऊन यंदाच्या सवलतींचा ठराव मागून घ्या, तोंडी उत्तरावर परत फिरू नका. आणि अर्जात ‘बाग’ हा शब्द लिहू नका. ‘छतावरील पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण’ लिहा, कारण टेबलापलीकडं ओळखीचा शब्द तोच. सोबत खणण्याआधीचे, खणतानाचे आणि भर पावसातले तारखेचे फोटो, पाईपाची बिलं, गच्चीचं क्षेत्रफळ आणि साधा हातानं काढलेला नकाशा. २०२० पासून चालू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पालिकेला अशा कामांचे गुण मिळतात. प्रभागातल्या अधिकाऱ्याला हे आठवण करून दिलं की खुर्ची पुढं सरकते. अपार्टमेंट असेल तर सोसायटीचा ठराव जोडा, एकट्याच्या सहीनं काम अडतं.

नंतरची देखभाल थोडी आहे. पहिली दोन वर्षं तण काढा आणि मार्च ते मे आठवड्यातून एकदा पाणी द्या, तिसऱ्या वर्षापासून गरज पडत नाही. दिवाळीनंतर वाळा फूटभर ठेवून कापा. तळात पाय देऊन फिरू नका, माती दाबली की मुरणं संपलं. आणि वळवाच्या पहिल्या सरीआधी शिडी लावून गच्चीवरच्या पाईपाची जाळी काढून धुवा. आमच्या जाळीत दरवर्षी सावरीचा कापूस, पोरांचा एक चेंडू आणि पतंगाचा मांजा निघतो.